होम थिएटर संगणकासाठी लाकडी कॅबिनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवण्याच्या संगणकासाठी मी आजवर तीन लाकडी कॅबिनेट बनवली. पहिले फसले, दुसरे कसेबसे चालले आणि तिसरे आमच्या घरी रोज संध्याकाळी चालू असते. ते पाहून ओळखीची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. माझे म्हणणे मुळात एकच आहे: हवेचा मार्ग आणि अर्थिंग आधी ठरवावे, लाकूड त्यानंतर निवडावे.

पत्र्याची तयार कॅबिनेट मिळत असताना लाकडाचे का करावे?

दिवाणखान्यातील यंत्राला लाकडी पेटी असणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. व्हॉल्व्हचे अनेक रेडिओ लाकडी कॅबिनेटमध्ये येत आणि घरातल्या एखाद्या फर्निचरप्रमाणे त्यांची निगा राखली जाई. संगणकाच्या इतिहासातही लाकूड सुरुवातीपासून आहे. १९७६ साली ॲपल-१ हा संगणक नुसता सर्किट बोर्ड म्हणून विकला जात होता आणि तो घेणाऱ्यांपैकी काहींनी त्यासाठी स्वतः लाकडी पेट्या तयार केल्या. आज व्यावहारिक कारण वेगळे आहे. बाजारातील बहुतेक कॅबिनेट टेबलाखाली उभी ठेवण्यासाठी बनवलेली असतात, ती टीव्ही युनिटच्या कप्प्यात बसत नाहीत. आपल्या कप्प्याच्या मापाची, आपल्या फर्निचरशी जुळणारी आणि शांत पेटी हवी असेल, तर ती बनवून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

कोणता मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) धरून आखणी करावी?

मिनी-आयटीएक्स. हा बोर्ड १७० × १७० मिलिमीटरचा असतो आणि केवळ चार स्क्रूंवर बसतो. मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिलिमीटरपर्यंत जातो आणि त्याची पेटी कितीही जपून केली तरी बोजड दिसते. चित्रपट, मालिका, गाणी आणि घरचे फोटो एवढेच पाहायचे असेल, तर इंटेल एन१०० सारखा ६ वॅटचा प्रोसेसर असलेला बोर्ड पुरेसा होतो. १०-बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ या दोन्ही प्रकारांतील व्हिडिओ तो हार्डवेअरवर उलगडतो, त्यामुळे प्रोसेसरवर ताण येत नाही आणि उष्णताही कमी निर्माण होते. खेळांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे असणाऱ्यांनी मात्र लाकडी पेटीचा पहिला प्रयोग त्यावर करू नये. तेथे उष्णतेचे गणित पूर्ण बदलते.

पेटीचे माप कसे ठरवावे?

आतून बाहेर. बाहेरचा आकार आधी ठरवून त्यात भाग कोंबण्याची चूक मी पहिल्या पेटीत केली होती, म्हणून हे ठामपणे सांगतो.

उंची अशी मोजावी: बोर्डाला तळापासून वर धरणाऱ्या पितळी खुंट्यांची, म्हणजे स्टँडऑफची उंची साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, बोर्डाची जाडी सुमारे दीड मिलिमीटर, त्यावर सॉकेट आणि प्रोसेसर मिळून आठेक मिलिमीटर, आणि त्याच्या वर प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर. बुटक्या कूलरांपैकी नोक्टुआचा एनएच-एल९ हा पंख्यासह ३७ मिलिमीटर उंच आहे. ही बेरीज ५३ मिलिमीटरच्या आसपास जाते. कूलरच्या पंख्याला हवा ओढण्यासाठी वर किमान २० मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर तो झाकणाचीच हवा ओढत राहतो. म्हणजे आतील उंची ७५ ते ८० मिलिमीटर धरावी.

रुंदीत बोर्डाचे १७० मिलिमीटर आणि शेजारी आडव्या ठेवलेल्या १२० मिलिमीटरच्या पंख्याची जागा, दोन्हींच्या मध्ये व कडेला थोडी मोकळीक, असे मिळून ३१० मिलिमीटर लागतात. खोलीत बोर्डापुढे वायरींसाठी ५० मिलिमीटर सोडावेत, म्हणजे २२० मिलिमीटर होतात. आतील जागा साधारण साडेपाच लिटरची भरते. १२ मिलिमीटर जाडीच्या फळ्या आणि २० मिलिमीटरचे पाय धरून पेटी बाहेरून सुमारे ३३५ मिलिमीटर रुंद आणि १२५ मिलिमीटर उंच होते. शेजारी एव्ही रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारे उपकरण) ठेवायचा असेल, तर दर्शनी रुंदी ४३० मिलिमीटरपर्यंत वाढवावी. अशी उपकरणे बहुतेक याच रुंदीची असतात आणि दोन्ही शेजारी शेजारी शोभून दिसतात.

लाकूड कापण्यापूर्वी याच मापांची पेटी जाड पुठ्ठ्याची करावी, तिच्यात खरे भाग ठेवून पाहावेत आणि एचडीएमआयची जाड केबल वळते का तेही तपासावे. पुठ्ठ्याच्या या एका संध्याकाळीने माझी तिसरी पेटी वाचवली.

सुताराला मापे मिलिमीटरमध्ये द्यावीत की इंचात?

ज्या भाषेत तो मोजतो त्या भाषेत. आपल्याकडचे अनेक सुतार आजही इंच आणि सूत यांत काम करतात. एका इंचात ८ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या किंचित आत. सुदैवाने संगणकाची काही मापे मुळात इंचातलीच आहेत. मदरबोर्डच्या मागच्या जोडण्यांची खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिलिमीटर अशी अवघड दिसते, पण ती सव्वासहा इंच × पावणेदोन इंच आहे आणि हे कोणत्याही सुताराला क्षणात समजते. पंख्याच्या मापांचे तसे नाही. १२० मिलिमीटरच्या पंख्याची स्क्रूछिद्रे एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात. तेथे आकडा न सांगता पंखा हातात द्यावा आणि फळीवर ठेवून खुणा करायला सांगावे. बोर्डाच्या छिद्रांबाबतही हेच करावे. बोर्ड कागदावर ठेवून छिद्रे उतरवून घ्यावीत आणि तोच कागद साचा म्हणून वापरावा.

कोणते लाकूड वापरावे?

भरीव लाकडात सागाला तोड नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग प्रसिद्ध आहे, पण एवढ्या लहान पेटीसाठी नवा साग घेण्याची गरजही पडत नाही. जुना वाडा उतरवताना निघालेली चौकट, फडताळाची दारे किंवा तुळईचा तुकडा मिळाला, तर त्याहून चांगले लाकूड शोधून सापडणार नाही, कारण अनेक दशकांचे उन्हाळे-पावसाळे त्याने आधीच सोसलेले असतात. असे लाकूड मशीनवर नेण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावा. आत मोडून राहिलेला एक खिळा करवतीचे पाते खराब करतो आणि काम करणाऱ्याला इजाही करू शकतो.

भरीव लाकूड वापरताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी लागते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. २२० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी वर्षभरात आडव्या दिशेने एक ते दीड मिलिमीटर सहज बदलते. माझ्या पहिल्या पेटीचे झाकण मी ऐन श्रावणात बसवले आणि चारही बाजूंनी गोंदाने पक्के चिकटवले. पुढच्या एप्रिलमध्ये ते मधोमध उभे तडकले. दोष सागाचा नव्हता, त्याला आकसायला जागाच ठेवली नव्हती. भरीव झाकण एका कडेला पक्के करून दुसऱ्या कडेला लांबट छिद्रांतून स्क्रूने धरावे, किंवा चौकटीच्या खाचेत सैल बसवावे.

हा व्याप नको असेल, तर प्लायवूड घ्यावे आणि त्यावर सागाचे व्हिनिअर लावावे. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही. आयएस ३०३ या भारतीय मानकातील बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचे प्लायवूड या कामाला पुरते; आयएस ७१० चे मरीन प्लायवूड कोकणपट्टीत किंवा समुद्रालगत राहणाऱ्यांनी घ्यावे. कडांना सागाची चार-पाच मिलिमीटरची पट्टी लावली, तर पाहणाऱ्याला पेटी भरीवच वाटते. माझी तिसरी पेटी अशीच आहे. एमडीएफ गुळगुळीत कापले जाते, पण कडेच्या स्क्रूला ते नीट धरत नाही आणि ओल लागली की फुगते, म्हणून मी ते टाळतो.

कापताना आणि घासताना मास्क अवश्य लावावा. लाकडाची बारीक भुकटी श्वसनाला घातक असते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिची गणना कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत केली आहे.

लाकडातून उष्णता बाहेर पडत नाही. मग संगणक तापणार नाही का?

शंका रास्त आहे. पोलाद लाकडापेक्षा शेकडो पट अधिक उष्णता वाहून नेते आणि ॲल्युमिनियम त्याहूनही कित्येक पट. पत्र्याच्या कॅबिनेटचे अंग थोडीफार उष्णता बाहेर सोडते, लाकडी पेटीचे अंग जवळपास काहीच सोडत नाही. त्यामुळे आत निर्माण झालेली सगळी उष्णता हवेनेच बाहेर नेली पाहिजे. ही अडचण वाटते तितकी मोठी नाही, कारण किती हवा लागते हे आधी काढता येते. १०० वॅट उष्णता बाहेर न्यायची आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, असे ठरवले तर दर सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा फिरावी लागते. २५ वॅटच्या संगणकाला त्याच हिशेबाने २ लिटर पुरतात. १२० मिलिमीटरचा चांगला पंखा अगदी सावकाश फिरला तरी एवढे काम करतो, मात्र हवेला येण्याची आणि जाण्याची वाट मोकळी असली पाहिजे.

खरी चूक या वाटेतच होते. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या गोलाचे क्षेत्रफळ सुमारे ११० चौरस सेंटिमीटर भरते. हवा आत येण्याच्या जागी निदान एवढी मोकळी जागा हवी आणि बाहेर पडण्याच्या जागीही तेवढीच. जाळी लावली की तिच्या तारांनी किंवा पत्र्याने अर्धी जागा अडते, म्हणजे जाळीचा भाग दुप्पट घ्यावा लागतो. माझ्या पहिल्या पेटीला दर्शनी भाग सुंदर राहावा म्हणून मी पाठीमागे फक्त वीस-एक छोटी छिद्रे पाडली होती. उन्हाळ्यात चित्रपट सुरू होऊन अर्धा तास झाला की कूलरचा पंखा ओरडू लागे आणि मग चित्र अडखळे.

आता मी पंखा तळाशी आडवा बसवतो. पेटीला २० मिलिमीटर उंचीचे पाय असतात, तळाच्या गोल खिडकीतून थंड हवा आत ओढली जाते, ती बोर्डावरून वाहते आणि मागच्या व बाजूच्या वरच्या फटींतून बाहेर पडते. पंखा हवा आत ढकलत असल्यामुळे पेटीत किंचित दाब राहतो, हवा एकाच खिडकीतून येते आणि त्या खिडकीला सुटून निघणारी जाळी लावली की धूळ तेथेच अडते. आपल्याकडच्या धुळीत हा फायदा फार मोलाचा आहे. फटी करताना सागाच्या पातळ पट्ट्या जुन्या खिडकीच्या झडपेप्रमाणे ओळीने बसवल्या, तर हवेची वाट हीच पेटीची शोभा होते.

पंखा नसलेली पेटी करता येईल का?

६ ते १० वॅटचा प्रोसेसर असेल आणि झाकणात मोठी जाळी असेल तर येईल. त्याहून अधिक उष्णतेला लाकडात पंखा हवाच.

आग लागण्याचा धोका किती?

लाकूड पेट घेण्यासाठी त्याचे तापमान अडीचशे अंशांच्या वर जावे लागते. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतो आणि त्याही पुढे गेल्यास संगणक बंद होतो. म्हणजे प्रोसेसरच्या उष्णतेने लाकूड पेटणे संभवत नाही. धोका असतो तो २३० व्होल्टच्या सैल जोडणीचा, ठिणगीचा आणि साठलेल्या धुळीचा. म्हणूनच घरगुती वीज लाकडी पेटीत आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅपटॉपला असतो तसा बाहेरचा १२ किंवा १९ व्होल्टचा अडॅप्टर वापरावा आणि आत त्या व्होल्टेजला चालणारा बोर्ड किंवा छोटा डीसी कन्व्हर्टर ठेवावा. यामुळे पेटीतली उष्णताही कमी होते.

आतच पॉवर सप्लाय हवा असेल, तर एसएफएक्स आकाराचा चांगल्या कंपनीचा घ्यावा; तो १२५ मिलिमीटर रुंद आणि ६३.५ मिलिमीटर उंच असतो. जागा वाचवण्यासाठी त्याचे पत्र्याचे आवरण काढून आतला बोर्ड लाकडावर बसवलेला मी एकदा पाहिला आहे. असे कधीही करू नये. तो बंद केल्यानंतरही त्यातील कपॅसिटरांमध्ये जीवघेणा विद्युतभार काही काळ टिकून राहतो.

अर्थिंगचे काय करावे?

पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बोर्ड, पॉवर सप्लायचे आवरण आणि पेटी हे सगळे धातूनेच जोडलेले असल्यामुळे अर्थिंगचा विचार वेगळा करावा लागत नाही. लाकडी पेटीत तो आपण करावा लागतो. मी तळाशी २ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा ट्रे बसवतो आणि बोर्डाचे चारही स्टँडऑफ त्यातच आटे पाडून घट्ट करतो. मागचा पत्रा आणि, आत पॉवर सप्लाय असेल तर, त्याचे आवरण या ट्रेला गोल टर्मिनल लावलेल्या जाड वायरने जोडतो. जोडायच्या जागेवरचा रंग किंवा ॲनोडायझिंगचा थर घासून काढावा लागतो. तो राहिला तर वायर दिसते, पण जोडणी होत नाही.

बाहेरचा अडॅप्टर तीन पिनांचा घ्यावा. दोन पिनांच्या अनेक अडॅप्टरांमुळे धातूच्या भागाला हात लागताच हलकी झिणझिण जाणवते आणि एचडीएमआय केबल लावताना दचकायला होते. अर्थात भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग खरोखर चालू आहे का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत तिसरे छिद्र असते, पण त्यामागे वायरच नसते असेही आढळते.

पाठीमागची बाजूही लाकडाची केली तर चालेल का?

नाही. मदरबोर्डसोबत येणारी आयओ शील्ड, म्हणजे मागच्या जोडण्यांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी, साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात अडकण्यासाठीच बनवलेली असते. १२ मिलिमीटरच्या फळीत ती बसत नाही आणि केबलची प्लगही आतपर्यंत पोचत नाहीत. मागे एक मिलिमीटरचा पत्रा किंवा ॲल्युमिनियम लावावे. ती बाजू भिंतीकडे असते, पाहणाऱ्याला दिसत नाही.

बोर्ड थेट लाकडावर स्क्रूने बसवता येणार नाही का?

एकदा बसतो. दुसऱ्यांदा स्क्रू फिरवला की प्लायवूडमधले आटे सैल होतात. ट्रे करायचा नसेल, तर निदान फळीत पितळी थ्रेडेड इन्सर्ट (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) बसवून त्यात स्टँडऑफ लावावेत.

वायफाय आणि वायरलेस कीबोर्ड यांना लाकडाचा फायदा होतो की तोटा?

दोन्ही. लाकूड रेडिओ लहरी फारशा अडवत नाही, त्यामुळे वायफायचा अँटेना पेटीच्या आत दर्शनी बाजूला लपवता येतो. पण त्याच कारणाने संगणकाचा स्वतःचा रेडिओ गोंगाटही बाहेर येतो. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो आणि वायरलेस कीबोर्डचे अक्षर मधूनच गळते. कीबोर्डचा रिसीव्हर यूएसबी २.० च्या पोर्टात, शक्यतो अर्ध्या मीटरच्या वायरने दूर नेऊन लावावा. पूर्ण पेटीला आतून ॲल्युमिनियमची जाळी लावता येते, पण मग अँटेना बाहेर काढावा लागतो. मी तळ आणि पाठ धातूची ठेवतो, वर आणि पुढे नुसते लाकूड.

रिमोट आणि पॉवर बटण कसे बसवावे?

बटण दाबल्यावर परत वर येणारे असावे, दाबून अडकणारे नसावे. त्याच्या दोन वायरी बोर्डावरील पॉवर स्विचच्या दोन पिनांना कोणत्याही क्रमाने जोडता येतात. दिव्याच्या वायरींना मात्र अधिक-उणे असते. रिमोटचा इन्फ्रारेड रिसीव्हर दर्शनी फळीत सहा मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यामागे लावावा. छिद्रावर गडद ॲक्रिलिक लावायचे असेल, तर आधी रिमोट त्यामागे धरून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. रिमोटचा दिवा चमकताना दिसला, तर ते ॲक्रिलिक योग्य आहे. टीव्हीच्याच रिमोटने संगणक चालवण्याची अपेक्षा असेल, तर हे ध्यानात घ्यावे की एचडीएमआय-सीईसी ही सोय बहुतेक संगणकांच्या ग्राफिक्समध्ये नसते आणि त्यासाठी वेगळे अडॅप्टर लागते.

आवाज कमी करण्यासाठी काय करावे?

पंखा मोठा घ्यावा, सावकाश फिरवावा आणि तो लाकडाला स्क्रूने न आवळता रबरी पिनांवर बसवावा. पातळ फळी तबल्याच्या पुडीसारखी घुमते, म्हणून तळ आणि झाकण १२ मिलिमीटरहून पातळ करू नये. फिरणारी हार्ड डिस्क पेटीत ठेवूच नये. चित्रपटांचा साठा दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर ठेवावा आणि येथे फक्त एसएसडी लावावी.

कोणते पॉलिश करावे?

फ्रेंच पॉलिशची चमक मला सर्वांत आवडते आणि ओरखडा आल्यास ते तेवढ्याच भागावर पुन्हा लावता येते, पण ते ज्या चपड्यापासून (लाखेपासून) बनते तो सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि चहाचा गरम कप ठेवला तरी पांढरे वर्तुळ उठते. लहान मुलांच्या घरात पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरे. कोणतेही पॉलिश आतून आणि बाहेरून दोन्हीकडे करावे. एकच बाजू झाकली, तर ओल दुसऱ्या बाजूने शिरते आणि फळी वाकते. जवसाचे तेल लावणाऱ्यांनी वापरलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते वाळताना स्वतःच तापतात आणि पेटू शकतात. ते पसरून उघड्यावर वाळवावेत. पॉलिशचा वास पूर्ण गेल्यावरच, म्हणजे निदान आठवड्याभराने, पेटीत बोर्ड बसवावा.

ही पेटी टीव्ही युनिटच्या काचेच्या दाराआड ठेवता येईल का?

दार बंद ठेवून नाही. तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. युनिटच्या पाठीला मोठी खिडकी कापायची तयारी असेल, तरच तसे करावे.

काही वर्षांनी बोर्ड बदलायचा झाला, तर पेटी वाया जाईल का?

मिनी-आयटीएक्स हे माप व्हिया कंपनीने २००१ साली आणले आणि त्याची चार छिद्रे एटीएक्स या १९९५ च्या मापातूनच घेतलेली आहेत. ती आजही त्याच जागी आहेत. मागची खिडकीही तीच राहिली आहे. बदलते ती फक्त तिच्यात बसणारी शील्ड, आणि ती प्रत्येक नव्या बोर्डसोबत येते. त्यामुळे कूलरवरची जागा आणि हवेची वाट आजच थोडी सढळ ठेवली असेल, तर पुढचा बोर्ड त्याच चार स्क्रूंवर बसेल. झाकण मात्र गोंदाने बंद करू नये, स्क्रूनेच लावावे.